व्यंकटेश कुमारांना ऐकायला धारवाडला

डिसेंबर लागला की कोल्हापुरातल्या गाणं ऐकणाऱ्या घरांमध्ये सवाईची बोलणी सुरू होतात. कोण कधी जाणार, पुण्यात उतरायचं कुठं, भारतीय बैठकीची तिकिटं की खुर्चीची, कुणाच्या गाडीत किती जागा. 1953 साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ पुण्यात हा महोत्सव सुरू केला आणि तेव्हापासून आमच्याकडची माणसं शाली, थर्मास आणि चटणी-पोळीचे डबे घेऊन उत्तरेकडं निघतात. मीही त्यांच्यातलीच. रात्रभर चालणारा सवाई मी पाहिला आहे. पहाटेची भैरवी ऐकून झोपाळल्या डोळ्यांनी स्वारगेट गाठलेलं आहे.

पण ज्यांच्या नावानं हा मांडव पडतो ते रामभाऊ कुंदगोळकर हुबळीजवळच्या कुंदगोळचे. म्हणजे आमच्या दक्षिणेला. भीमसेन जोशी गदग जिल्ह्यातल्या रोणचे. गंगूबाई हनगल हुबळीच्या. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, बसवराज राजगुरू त्याच टापूतले. कुमार गंधर्व जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत. एवढी सगळी माणसं आमच्या खालच्या अंगाला जन्मली, वाढली, आणि त्यांना ऐकायला आम्ही वर जातो. हे मला कित्येक वर्षं टोचत होतं. त्यामुळं या जानेवारीत वहिनीनं फोनवर सांगितलं, की पंडित व्यंकटेश कुमार धारवाडला गाणार आहेत, तेव्हा मी रजेचा अर्ज लिहायलाच घेतला.

निघालो आम्ही चौघं. गाडी वहिनीची आणि चालवणारीही तीच. व्यंकटेश कुमारांवर तिचा जीव आहे. स्वयंपाक करताना, इस्त्री करताना, घाटात वळण घेताना, तिला तोच आवाज लागतो. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तबला शिकतो. आणि माझे काका. त्यांनी वयाची पंच्याहत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात, तरी ‘धारवाड’ हा शब्द कानावर पडताच त्यांनी कपाटातून कानटोपी काढली.

कोल्हापूरहून धारवाड दोनशे किलोमीटरच्या आत आहे. कागल सोडलं की कर्नाटकची हद्द लागते. जानेवारीत हा रस्ता उसाचा असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्यावर दोरखंडानं आवळलेला ऊस आणि त्यांना ओलांडण्यासाठी हॉर्न वाजवत खोळंबलेल्या गाड्या. त्यात महामार्गाचं रुंदीकरण, म्हणजे दर थोड्या अंतरावर वळसा. निपाणी गेलं, तवंदी घाट गेला, संकेश्वर आलं. काकांनी वहिनीला सांगून ठेवलं होतं, की गाडीत गाणं लावायचं नाही. “कान रिकामे ठेवून जायचं असतं,” ते म्हणाले. वहिनीला हे मनापासून पटलं नव्हतं, पण काकांपुढं ती बोलली नाही.

गाणं बंद, मग काका सुरू. त्यांनी तरुणपणी हा रस्ता एसटीनं तुडवला आहे. मन्सूरांची बैठक धारवाडला आहे असं कळलं, की ते दुपारची गाडी धरायचे, रात्रभर गाणं ऐकायचे, पहाटे स्टँडवरच्या बाकावर अंग टाकायचे आणि सकाळच्या गाडीनं परत येऊन थेट कामावर. घरी सांगायचं काय, हा प्रश्न असायचा. आजी त्यांना विचारायची, की रेडिओवर लागतंय की धारवाड केंद्र, मग तिथं जाऊन काय वेगळं ऐकतोस? काकांकडं तेव्हा उत्तर नव्हतं. गाडीत भाच्यानं नेमकं तेच विचारलं. त्याच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये व्यंकटेश कुमारांच्या तासन्‌तासांच्या मैफली. “आजोबा, हे सगळं आहे की इथं.” काका म्हणाले, “असू दे. आज रात्री सांग मला.”

मी मात्र त्याला त्या रस्त्याबद्दल सांगत बसले, कारण माझ्या मते उत्तराचा निम्मा भाग रस्त्यातच आहे.

हे गाणं इकडं आलं कसं? ज्यांच्या नावानं गायकीची घराणी चालतात ते उत्तरेतलं ग्वाल्हेर कुठं, किराणा कुठं, आणि धारवाड-हुबळी कुठं! गायकांना पोटासाठी फिरावं लागायचं आणि फिरायला संस्थानं होती. सांगली, मिरज, इचलकरंजी, कुरुंदवाड, जमखंडी, रामदुर्ग, इकडं कोल्हापूर, आणि खाली सगळ्यांत मोठं म्हैसूर. म्हैसूरच्या दरबारात हजेरी लावायला निघालेले उत्तरेतले उस्ताद वाटेत मिरजेला, धारवाडला, हुबळीला मुक्काम करायचे. मुक्काम लांबायचा. कुणीतरी वाड्यात ठेवून घ्यायचं, कुणाचा तरी पोरगा शिकायला बसायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं, आणि कुंदगोळच्या नाडगीर वाड्यातही त्यांचा राबता राहिला. त्यातून रामभाऊ कुंदगोळकर त्यांचे शिष्य झाले, आणि रामभाऊंकडं पुढं भीमसेन आणि गंगूबाई आल्या. शिवाय मराठी नाटक कंपन्या. 1956 सालच्या राज्य पुनर्रचनेपर्यंत धारवाड मुंबई इलाख्यातच होतं. या गावांतून मराठी संगीत नाटकांचे मुक्काम पडायचे आणि कानडी घरांतली मुलं नाट्यपदं गात मोठी व्हायची. आज आम्ही ज्या रस्त्यावर टोल भरतो, त्याच रस्त्यानं बैलगाडीतून तंबोरे गेले आहेत.

आता व्यंकटेश कुमार यात कुठं बसतात ते सांगते. त्यांचा जन्म 1953 सालचा, बळ्ळारी भागातल्या लक्ष्मीपूरचा. घरी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आणि लोकगीतं. बाराव्या वर्षी मामांनी त्यांना गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात आणून सोडलं. तिथं पुट्टराज गवई गुरू. पुट्टराज स्वतः दृष्टिहीन, आणि त्यांचे गुरू पंचाक्षरी गवईही दृष्टिहीन. अंध आणि गरीब मुलांना फुकट गाणं शिकवणारा हा आश्रम. या पंचाक्षरी गवयांनी ग्वाल्हेरची तालीम घेतली ती मिरजेच्या नीळकंठबुवांकडं. मल्लिकार्जुन मन्सूरांचेही हिंदुस्थानी गाण्यातले पहिले गुरू तेच. आणि नीळकंठबुवा शिष्य होते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे. तरुण वयात गाण्यासाठी पायपीट करून ग्वाल्हेरची गायकी ज्यांनी महाराष्ट्रात आणली ते बाळकृष्णबुवा.

इचलकरंजी आमच्या घरापासून तासाभराच्या आत. म्हणजे आम्ही जे ऐकायला धारवाडला निघालो होतो, ते एकदा आमच्याच शेजारून निघून मिरजेवरून गदगला गेलेलं होतं. हे सांगताना माझाच गळा दाटून आला. भाच्यानं मोबाइल खिशात घातला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

बेळगाव मागं पडलं, कित्तूर गेलं, आणि दुपारच्या जेवणाला आम्ही धारवाडात पोचलो. धारवाडची खानावळ म्हणजे ज्वारीची कागदासारखी पातळ, कडक भाकरी, तेलात मुरलेली भरली वांगी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही. वाढणारा माणूस “हाकली री?” म्हणत भाकऱ्यांची चळत घेऊन फिरतो आणि नको म्हटलं की दुखावल्यासारखं बघतो. जेवून लाइन बाजारात गेलो. पेढ्याच्या दुकानापुढं रांग होतीच. धारवाडी पेढा करणारं ठाकूर घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या उन्नावचं, प्लेगच्या काळात इकडं आलेलं. धारवाडचा पेढा तपकिरी, खरपूस भाजलेला, वरून साखरेत घोळलेला. उत्तरेतून आला आणि इथल्या म्हशींच्या दुधावर, इथल्या चुलीवर इथलाच झाला. ख्यालगायकीचंही या गावानं तेच केलं. किराण्याचा सूर इथं आला आणि त्याला काळ्या मातीतल्या माणसांची छाती मिळाली. भीमसेनांचा षड्ज आठवून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

संध्याकाळच्या आधी काकांना ‘मृत्युंजय’ बघायचं होतं. मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर, आता स्मारक. साधं, बैठं, माणसाच्या मापाचं घर. काका दारातच थांबले. आत जाऊन त्यांनी तंबोरे पाहिले, फोटो पाहिले, आणि एका फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले. तो उतारवयातला फोटो होता. लहान चण, कपाळावर विभूती, डोळे मिटलेले. मन्सूर गेले ते 1992 साली, त्यांच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, आणि शेवटपर्यंत गात होते. काका सांगत होते, की त्यांच्या गाण्यात तयारीची भाषा नसायची. बसले की पहिल्या आवर्तनात राग समोर उभा. अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याची ही रीत. मंजीखाँ आणि भूर्जीखाँ, खाँसाहेबांचे दोन मुलगे, मन्सूरांचे गुरू झाले. अल्लादिया खाँ म्हणजे पुन्हा आमचं कोल्हापूर, शाहू महाराजांचा दरबार. त्या दिवशी कुठंही हात लावला तरी धागा घरापाशी येत होता.

मैफल साडेसहाला होती. आम्ही सव्वापाचला जाऊन बसलो, आणि तरीही पुढची जागा भरलेली होती.

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते हे सभागृह. पुण्या-मुंबईच्या सभागृहात पुढच्या ओळींत कोण बसतं ते आपल्याला माहीत असतं. धारवाडात माझ्या पुढच्या ओळीत पांढरं धोतर नेसलेले, खांद्यावर टॉवेल टाकलेले दोघे शेतकरी होते. त्यांच्या चपलांना वाळलेली काळी माती चिकटलेली होती. त्यांच्या शेजारी कॉलेजच्या मुली, त्यांच्यापलीकडं एक रिक्षावाले, खाकी शर्टातच आलेले. माझ्या शेजारी इरकल नेसलेल्या एक आजी होत्या. त्यांनी मला कानडीत काहीतरी विचारलं. मी शिकून ठेवलेलं एकच वाक्य म्हटलं, “कन्नड बरंगिल्ल री.” त्या हसल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “मग मराठीत बोलू की. कुठनं आलात?” कोल्हापूर म्हटल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचे वडील बालगंधर्वांची पदं म्हणायचे, कानडी लिपीत लिहून ठेवलेली.

व्यंकटेश कुमार आले ते अगदी कुणाच्या लक्षात येऊ नये असे. बाजूच्या दारातून, मान खाली, दोन्ही हात जोडलेले. त्या गावातल्या संगीत महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ शिकवलं आहे. सभागृहात निम्मे लोक कधी ना कधी त्यांचे विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे आईवडील किंवा भाजी घेताना भेटणारे शेजारी असणार. टाळ्या झाल्या, पण त्या पाहुण्यासाठी वाजतात तशा नव्हत्या. घरचं माणूस आल्यावर ओसरीवरची माणसं सरकून जागा करतात, तशी ती हालचाल होती.

मग तंबोरे. एकेका तंबोऱ्याला त्यांनी स्वतः कान लावला. खुंटी किंचित पिळली, मणी सरकवला, जवारीचा धागा बोटानं तसूभर पुढं घेतला, पुन्हा छेडलं. सभागृहात कुणी खोकलं नाही, कुणी मोबाइल वर धरला नाही. तंबोरे जुळायला बराच वेळ गेला आणि तो वेळ कार्यक्रमाच्या आधीचा आहे असं तिथं कुणालाच वाटत नव्हतं. पुढच्या ओळीतल्या एका शेतकऱ्यानं पंचम नेमका लागला त्या क्षणी मान डोलावली. तबल्यावर हातोडी पडत होती आणि भाचा खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता.

शुद्ध कल्याण. आरोहात भूप रागाचे पाच स्वर, अवरोहात निषाद आणि तीव्र मध्यम मींडेतून, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाताना, नुसते लागून जायचे. उच्चारायचे नाहीत, पण नाहीत असंही वाटू द्यायचं नाही. राग शिकणाऱ्याला व्याकरण एका दुपारीत सांगता येतं आणि ती मींड गळ्यात यायला वर्षं जातात. त्यांनी षड्जावरून मंद्रातल्या पंचमावर येताना पहिल्यांदा ती जागा घेतली आणि माझ्या शेजारच्या आजींच्या तोंडून ‘आहाहा’सुद्धा निघालं नाही. नुसता श्वास आत गेला. तो आवाज मला ऐकू आला. तसाच आणखी शंभर-दोनशे जणांचा. गायकालाही तो ऐकू गेला असणार, कारण ती जागा त्यांनी पुन्हा घेतली, जरा अधिक लांबवून, जरा अधिक खाली झुकून, आणि मग षड्जावर असे येऊन थांबले की तंबोरा आणि गळा वेगळा काढता येईना.

घरी हा राग मी त्यांच्या गळ्यातून कितीतरी वेळा ऐकला आहे. मोबाइलवर, वहिनीच्या गाडीत, रात्री अंधारात पडून. तेव्हा जे ऐकते ते खरंच गाणं असतं, त्याला मी कमी लेखत नाही. आमच्यासारख्या गावांत राहणाऱ्या माणसांना त्या मोबाइलनं केवढं दिलं आहे. पण ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज येतो, ऐकणाऱ्यांचा श्वास येत नाही. आणि धारवाडात मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं, की बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्यानं विस्तार, कुठं थांबवायची, कुठली जागा पुन्हा घ्यायची, तानेला कधी हात घालायचा, हे गायक एकटा ठरवत नाही. समोरची माणसं ते ठरवत असतात, आणि समोरची माणसं जर चार पिढ्या हे ऐकत आलेली असतील, तर गायक त्यांच्यासमोर अर्धवट काही ठेवूच शकत नाही. धारवाडच्या श्रोत्यांसमोर गाताना मोठमोठे गायक सावध असायचे असं काका सांगायचे. मला ती गावाची बढाई वाटायची. आता वाटत नाही.

विलंबितात, म्हणजे संथ लयीत, त्यांनी घाई अजिबात केली नाही. गंधारावर आले, तिथं घर केलं. शब्द स्वच्छ, ग्वाल्हेरसारखे, एकेक अक्षर ओळखू येणारे. सूर मात्र किराण्यासारखा, टेकून राहणारा. मग द्रुत बंदिश, आणि तिच्यात तिन्ही सप्तकांतून सरळ धावत येणाऱ्या सपाट ताना. एक तान तार षड्जावरून निघाली आणि मंद्रापर्यंत येऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, अशी पडली, की खाकी शर्टातले रिक्षावाले उभेच राहिले. उभे राहिले, त्यांनी दोन्ही हात वर केले आणि काही न बोलता खाली बसले. मागं बघून कुणी हसलं नाही.

मध्यंतरानंतर कानडी वचनं. हा भाग आपल्याकडं पुण्यात मिळतो तो चवीपुरता. तिथं तो जेवणच होता. बसवण्णांचं वचन त्यांनी धरलं. बाराव्या शतकातले हे शब्द, कुठल्याही पोथीपंडितासाठी लिहिलेले नव्हेत, बोलल्यासारखे. पहिली ओळ सुटली आणि सभागृहात एक गुणगुण उठली. आजी म्हणत होत्या, शेतकरी म्हणत होते, कॉलेजच्या मुली म्हणत होत्या. कुणाचाही आवाज गायकाच्या वर नाही, पण खालून सगळ्यांचा आधार. मला शब्द कळत नव्हते. आपल्याकडं भीमसेनजी अभंग धरायचे आणि टाळ वाजायला लागायचे, तेव्हा ज्याला मराठी येत नसेल त्याला काय होत असेल, ते मला त्या रात्री कळलं. आजींनी माझ्या कानाशी येऊन दोन ओळींचा अर्थ सांगितला आणि मग स्वतःच थांबल्या. म्हणाल्या, “राहू दे. नुसतं ऐका.”

शेवटी कानडी हरिदासांचं पद, भैरवीत. काका रडत होते. त्यांनी ते लपवलं नाही आणि आम्हीही तिकडं बघायचं टाळलं नाही. वहिनीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सभागृह रिकामं होताना भाचा त्यांच्याजवळ आला. गाडीतल्या प्रश्नाचं उत्तर काकांनी मागितलं नाही, पण त्यानं दिलं. म्हणाला, “आजोबा, तबलजी ठेका धरताना त्यांच्याकडं बघत नव्हते. लोकांकडं बघत होते.” तबला शिकणाऱ्या मुलाला जे दिसायला हवं, ते दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरळ परत यायचं ठरलं होतं, पण एवढ्या लांब येऊन गदग न बघता माघारी फिरणं कुणालाच पटेना. हुबळी ओलांडली. गंगूबाईंचं घर इथलंच. शिकायच्या दिवसांत त्या संध्याकाळच्या रेल्वेनं हुबळीहून कुंदगोळला जायच्या आणि रात्रीच्या गाडीनं परतायच्या. गाणाऱ्या बाईला गाव काय काय ऐकवायचं ते त्यांनी सोसलं आणि तालीम चुकवली नाही. गाणं ऐकायला आम्ही वातानुकूलित गाडीतून आलो होतो. त्या गाणं मिळवायला लाकडी बाकावर बसून जायच्या. त्या रुळांशेजारून जाताना काकांनी हात जोडले.

गदगकडं जाताना ऊस संपतो. काळी सपाट जमीन, ज्वारी, हरभरा, मिरचीचे लाल सडे, आणि वारा. वीरेश्वर पुण्याश्रम गावातच आहे. पंचाक्षरी गवयांची ही शाळा सुरुवातीला फिरती होती. मुलांना घेऊन गावोगाव जायचं, मिळेल तिथं राहायचं, खर्चासाठी नाटकं करायची. पुढं गदगला तिला जागा मिळाली. पंचाक्षरी गवई 1944 साली गेले आणि पुट्टराज गवयांनी 2010 पर्यंत, आयुष्याच्या शेवटापर्यंत, ती सांभाळली. आत जाताच चारी बाजूंनी पेट्यांचे आवाज. एका खोलीत यमन, शेजारच्या खोलीत भजन, ओसरीवर कुणीतरी मृदंगावर, आणि या सगळ्या कल्लोळात प्रत्येक मुलगा आपापला सूर धरून बसलेला.

ओसरीच्या एका खांबाशी दहा-बारा वर्षांचा मुलगा त्याच्याहून लहान मुलाला पलटे, म्हणजे सुरांचे सराव, शिकवत होता. दोघांनाही दिसत नव्हतं. मोठ्यानं लहानग्याचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला होता आणि त्याच्या बोटांवर आपली बोटं आपटून मात्रा मोजत होता. लहान मुलगा धैवतावर चुकायचा, वर चढायचा. मोठा थांबायचा, पेटीची पट्टी दाबून धरायचा, आणि दुसरा हात लहानग्याच्या छातीवर ठेवायचा. सूर बरोबर लागला की हात काढून घ्यायचा. रागावणं नाही, शाबासकी नाही. पुन्हा पहिल्यापासून. पेटीच्या ज्या पट्ट्या जास्त वापरल्या जातात त्यांच्यावर बोटांचे खळगे पडले होते. आम्ही जवळ उभे आहोत हे त्यांना केव्हाच कळलं होतं, पण पलटा पूर्ण होईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

मग मोठ्यानं विचारलं, कुठून आलात? काकांनी मोडक्यातोडक्या कानडीत सांगितलं, कोल्हापूर, मिरजेजवळ. ‘मिरज’ ऐकताच तो मुलगा ताठ बसला. म्हणाला, “नीळकंठबुवा!” आणि हात जोडून त्यानं गुरुपरंपरा म्हणायला सुरुवात केली. पुट्टराज, पंचाक्षरी, नीळकंठबुवा मिरजकर, बाळकृष्णबुवा. पाढा म्हटल्यासारखी नव्हे, एकेका नावापाशी कानाच्या पाळीला बोट लावत. लहानग्यानंही त्याचं ऐकून आपल्या कानाला हात लावला.

मी शाळेत शिकवते, आणि माझ्या वर्गात इचलकरंजीची मुलं आहेत. त्यांच्यातल्या किती जणांना बाळकृष्णबुवा माहीत असतील? मी त्यांना कधी सांगितलंय? गदगच्या एका अंध मुलाला ते नाव पाठ आहे, आणि ज्या गावाचं नाव बुवांनी आडनावासारखं मिरवलं, तिथं यंत्रमागांच्या खडखडाटात ते हरवलं आहे. हे मला फार लागलं. शाळेतल्या परिपाठात आठवड्यातून एक दिवस मी आता या माणसांसाठी घेतला आहे. सुरुवात बाळकृष्णबुवांपासूनच केली, त्यांच्या पायपिटीपासून. मुलांना पायपीट आवडली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा विचारत होता, की बुवांच्या पायात चपला होत्या का.

आश्रमात दासोह असतो, म्हणजे आलेल्या प्रत्येकाला जेवण. पंगतीत भात, सांबार आणि गोड हुग्गी वाढली. आम्ही मुलांच्या शेजारी बसलो. पलटे शिकवणारा मुलगा वहिनीच्या बाजूला होता. तिनं त्याला विचारलं, व्यंकटेश कुमार माहीत आहेत का. तो म्हणाला, ते इथंच शिकले, या ओसरीवर झोपायचे. आवाजात कौतुक नव्हतं, शेजारच्या घराबद्दल सांगावं तसं सांगितलं. वहिनी त्या ओसरीकडं बघत राहिली. बाराव्या वर्षी मामाचा हात धरून आलेला, आता ज्याच्यासाठी आम्ही जिल्हे ओलांडून येतो असा मुलगा, इथंच कुठंतरी वळकटी टाकून पडायचा. तिच्या आवडत्या आवाजामागची जमीन तिला सापडली, असं मला तिच्याकडं बघून वाटलं.

परतीच्या रस्त्यावर काकांनी स्वतःहून सांगितलं, की आता गाणं लावा. पण वहिनीनंच लावलं नाही. म्हणाली, कालचं अजून संपलं नाही. मग बेळगावपर्यंत भाचा मांडीवर ठेका धरून त्या द्रुत बंदिशीची सम शोधत राहिला, आणि काका त्याला अडवत राहिले, “अरे, तिथं नाही, अर्धी मात्रा अलीकडं.” भीमसेनजींना गाडी चालवायची किती हौस होती, मैफलीसाठी स्वतः गाडी हाकत ते गावंच्या गावं कशी पालथी घालायचे, हे काका वहिनीला सांगत होते. याच रस्त्यानं, म्हणाले, किती वेळा गेला असेल तो माणूस. वहिनीनं आरसा नीट केला आणि वेग थोडा वाढवला.

संकेश्वरला चहा प्यायला थांबलो तेव्हा पुढचा बेत निघाला. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होत असतं. खाँसाहेबांची कबरही तिथंच आहे. काका तरुणपणी जाऊन आले आहेत, मी कधीच गेले नाही. तासा-दीड तासाच्या अंतरावर राहून. मोठे मोठे गायक तिथं हजेरी म्हणून गातात, तिकीट नाही, खुर्च्या नाहीत, जमिनीवर सतरंजी. काकांच्या गुडघ्यांचं काय करायचं हा प्रश्न वहिनीनं तिथल्या तिथं सोडवला. डिकीत घडीचं स्टूल टाकायचं. उरुसाची तारीख बघायचं काम भाच्याकडं दिलं आहे, आणि यावेळी माझ्या वर्गातल्या कुणा मुलांच्या घरचे तयार असतील, तर मागच्या सीटवर दोघांची जागा आहे.